आता मला विका

आमच्या शाखेत मार्च महिन्यात रजा मागणारा एकच माणूस होता. बँकेच्या मार्केटिंगमध्ये असून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रजा मागायची, म्हणजे मंगलाष्टकं सुरू असताना नवरदेवानं जरा बाजारातून येतो म्हणण्यातला प्रकार. मॅनेजरसाहेबांनी म्हणे पहिल्या वर्षी आरडाओरडा केला, दुसऱ्या वर्षी समजावून पाहिलं आणि तिसऱ्या वर्षापासून मुकाट्यानं सही करायला लागले. मी वडवणीच्या त्या शाखेत रुजू झाले ते चौथं वर्ष होतं. अर्जात रजेचं कारण म्हणून दरवर्षी एकच ओळ असायची : 'मार्च महिना असल्यामुळे.'

हे काय कारण झालं, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले, "मार्चात मानूस खोटं बोलतो, म्याडम. त्याला इलाज न्हाई. म्हणून मी घरी बसतो."

शाखेत सगळे त्यांना मामा म्हणत. गिऱ्हाइकं मामा म्हणत, एटीएमवरचा वॉचमन मामा म्हणे, आणि एकदा ऑडिटसाठी आलेले पुण्याचे साहेबसुद्धा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामा म्हणायला लागले होते. गाव दिंद्रुड, वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे. पद माझंच, रिलेशनशिप ऑफिसरचं. नाव भारदस्त आहे, पण बँकेत याच्या खाली फक्त पायपुसणं असतं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची आणि आम्ही दोघं एकाच रांगेत. बढतीचा विषय निघाला की मामा हात झटकायचे. वर गेलं की आपलं पळणं थांबतं, पण दुसऱ्याला पळवायचं काम मागं लागतं, आणि ते आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला ते पहिल्या दिवसापासून 'म्याडम' म्हणाले आणि पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाले. "म्याडम, तू डबा आणलास का?" अशी त्यांची वाक्यं असायची. मॅनेजरसाहेबांना मात्र ते 'अहो' म्हणत. नुसतंच 'अहो', पुढं नाव नाही, साहेब नाही. 'अहो, ऐकलं का' अशी हाक केबिनच्या दारातून आली की कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे खाली मान घालून हसायचे, आणि साहेब खरंच लाजायचे.

टाय हा बँकेचा नियम होता. वडवणीच्या उन्हात टाय घालून फिरणारी माणसं फक्त आमच्याच शाखेतली. मामांचा टाय नोकरीला लागताना ट्रेनिंगमध्ये कुणीतरी बांधून दिलेला होता, आणि तेव्हापासून त्याची गाठ सुटलेली नव्हती. मोटारसायकलच्या आरशाला तो अडकवलेला असे. शाखेच्या पायरीशी आले की डोक्यावरून गळ्यात, बाहेर पडले की परत आरशाला. मामी तो गाठीसकट धुवायच्या. एकदा कॅशियरनं गंमत म्हणून गाठ सोडून ठेवली, तर मामा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी मीच मोबाइलवर बघून बघून नवी गाठ मारून दिली. ती आधीच्या गाठीपेक्षा जरा वाकडी बसली, पण त्यांनी ती तशीच ठेवली.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बँकेतली मुलगी, म्हणजे पंख्याखाली बसून शिक्के मारत असेल. आमचं काम विकण्याचं होतं. बचत खाती, सोनेतारण, म्युच्युअल फंड आणि सगळ्यात वर विमा. रोज सकाळी नऊ वाजता संभाजीनगरचे मोठे साहेब व्हिडिओवर यायचे. त्यांच्या हाताखाली आजूबाजूच्या सगळ्या शाखा. ते एकेकाचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "आज किती?" त्यावर आकडा सांगावा लागे. आकडा सांगितला की तो संध्याकाळी दाखवावा लागे. नाही दाखवला की बँकेच्या ग्रुपवर आपल्या नावापुढं लाल गोल. सगळ्या शाखांना दिसेल असा.

माझ्या नावापुढं लाल गोल आला की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. माझे वडील तलवाड्याला गवंडीकाम करतात. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेली मी पहिली, तीही बँकेतली. आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. त्या गल्लीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं की मी अजून कायम झालेली नाही, आणि वर्षाचं टार्गेट भरलं नाही तर मार्चअखेर मला घरी पाठवू शकतात. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी ते रोज सकाळी नऊ वाजता नव्यानं आठवायचे.

मामांच्या नावापुढंही लाल गोल यायचा. ते तो मोबाइल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, चला, आज आपल्याला कुंकू लावलं. "आज किती?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "बाजार फिरून सांगतो, साहेब." मोठे साहेब चिडायचे, आवाज चढवायचे, मग पुढच्या नावाकडं वळायचे. मामांचं टार्गेट कधी पुरं झालं नाही. तरीही त्यांना कुणी काढत नव्हतं, कारण त्यांनी दिलेल्या पॉलिसीचे पुढच्या वर्षीचे हप्ते न चुकता यायचे. आमच्या पॉलिसींचं तसं नव्हतं. आमची गिऱ्हाइकं दुसऱ्या वर्षी हप्त्याची चिठ्ठी हातात घेऊन भांडायला यायची आणि आम्ही मागच्या दारानं फिल्डवर जायचो.

मामांची विकण्याची पद्धत मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. गिऱ्हाइकाला ते आधी सगळं समजावून सांगायचे. आपण भाव करताना बोलतो तसं साधं सांगायचे, पुस्तिका उघडायचे नाहीत. सांगून झालं की पेनाला टोपण लावायचे, खुर्चीत मागं रेलायचे आणि म्हणायचे, "आता मला विका."

माणूस गोंधळून जाई. मामा समजावत, की समजा मी गिऱ्हाईक आहे आणि तुम्ही बँकेचे. ही पॉलिसी मला विका बघू. मग तो माणूस हसत, अडखळत सुरू करायचा आणि मामा त्याला शंका विचारून भंडावून सोडायचे. मधेच पैसे लागले तर? मी वरती गेलो तर पैसे कुणाला? एवढ्यात बायको नको म्हणाली तर? ज्याला विकता आलं त्याचा फॉर्म ते भरत. ज्याला आलं नाही त्याला चहा पाजून घरी पाठवत, आणि पुढच्या बाजाराला या म्हणत. पाचातले तीन असे घरी जायचे. मॅनेजरसाहेब काचेतून हे बघत आणि कपाळाला हात लावत.

आठवडी बाजाराच्या दिवशी बँकेची मोठी छत्री लावून आम्ही दोघं बाजारात बसायचो. छत्रीवर बँकेचं नाव ठळक. एकदा मी गिऱ्हाइकाबरोबर फोटोकॉपी काढायला गेले आणि परत येऊन बघते तो मामा उन्हात बसलेले, आणि छत्रीखाली एक बाई मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. मेथी सुकत होती, मी काही सुकत नाही, असं मामांचं म्हणणं. नेमका तेव्हाच मोठ्या साहेबांनी स्टॉलचा फोटो मागवला. दुसरा इलाज नव्हता, मी तोच पाठवला. साहेबांनी सगळ्या ग्रुपसमोर विचारलं, हे आपलं कुठलं नवीन प्रॉडक्ट? मामांनी खाली लिहिलं, 'मेथी. ताजी आहे. आज संपेल.'

पॉलिसी निघण्याआधी विमा कंपनीकडून गिऱ्हाइकाला खातरजमेचा फोन येतो. तुम्हाला सगळं समजलं का, किती वर्षं भरायचं माहीत आहे का, असे प्रश्न विचारतात. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला त्यासाठी आधीच पढवून ठेवतात, की प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायचं आणि मधे काही विचारायचं नाही. मीही पढवायचे. मामांची गिऱ्हाइकं मात्र त्या फोनवर उलट बोलायची. दिंद्रुडच्या एका निवृत्त कंडक्टरांना असाच फोन आला. मामांनी त्यांच्याकडून ती पॉलिसी तीन वेळा विकून घेतली होती, त्यामुळं गडी तयार होता. त्यांनी फोनवरच्या मुलीला तिचं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं, घरात कमावणारं कोण विचारलं, आणि तुझ्या वयाला हीच पॉलिसी किती स्वस्त पडेल ते समजावलं. यात काय वाईट आहे तेही सांगितलं. पोरीचा फोन इतका लांबला की चौकशी होऊन त्याचं रेकॉर्डिंग आमच्या शाखेत आलं. साहेबांनी ते स्पीकरवर लावलं. शेवटी ती मुलगी म्हणते, "काका, मी घरी विचारून सांगते." त्या दिवशी आमच्या शाखेत अर्धा तास कुणी काम केलं नाही.

हे सगळं मी हसत बघत होते, पण शिकत मात्र काही नव्हते. मामांचं वागणं त्यांना परवडतं, ते जुने आहेत, कायम आहेत, असं मी स्वतःला सांगायचे. आणि माझं पहिलं वर्ष संपत आलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या टार्गेटला एक मोठी पॉलिसी कमी पडत होती. ती आली की मी कायम. नाही आली तर काय, ते मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की अडचणीत आधी नात्यागोत्यात बघा. मी आईला फोन केला. आईनं सांगितलं की आपल्या गल्लीतली एक बाई तिकडंच वडवणीजवळ दिलेली आहे, अंगणवाडीत मदतनीस होती, आत्ताच निवृत्त झाली, तिला एकरकमी पैसे मिळाले असतील. मी स्कूटी काढली आणि गेले. दारात पोचताच जयभीम घातला आणि म्हणाले, मावशी, मी तलवाड्याची. एवढ्यावर त्या बाईनं मला घरात ओढून नेलं. माहेरचं माणूस म्हणून आधी पाणी, मग चहा, मग शेंगदाण्याचा लाडू. तलवाड्यातल्या एकेका घराची खबर घेतली. नवरा मागंच गेलेला, मुलगा ऊसतोडीच्या मुकादमाकडं ट्रॅक्टर चालवायचा. पैशांचं काय करणार विचारलं तर त्यांचं ठरलेलं होतं. पुढच्या वर्षी पुढची खोली बांधून झाली की तिथं पिठाची गिरणी टाकायची. गावात गिरणी नव्हती, बायका दळण घेऊन लांब जायच्या.

मी म्हणाले, तोवर पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा वाढू द्या. एफडीसारखंच आहे, थोडं जास्त मिळतं. मी एकदाच भरायचे असं म्हटलं नव्हतं. दरवर्षी भरायचे असंही म्हटलं नव्हतं. त्या पॉलिसीत पाच वर्षं दरवर्षी तेवढेच पैसे भरावे लागतात आणि मधे काढता येत नाहीत. पगार बंद झालेली बाई दुसऱ्या वर्षी ते कुठून भरणार होती? हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हाही आला होता. मी तो तिथंच सोडला आणि त्यांना सही कुठं करायची ते दाखवलं. त्यांनी वहीत मुलांना गिरवायला देतात तसल्या गोल अक्षरात सही केली. चेकही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांना शब्द दिला, की या मुलीची पॉलिसी आज संध्याकाळपर्यंत वर येते. फॉर्ममध्ये एकच सही राहिली होती. गिऱ्हाइकानं मराठीत सही केली असेल तर खाली एक चौकट असते. विकणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी तिथं लिहून द्यायचं, की हा इंग्रजी फॉर्म मी या व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून सांगितला आणि तिला तो समजला. ही सही आमच्याकडं चहा पिता पिता व्हायची. जो समोर असेल तो करायचा, ज्या माणसासाठी करतोय त्याला कधी बघितलेलं नसलं तरी. पण त्या दिवशी कॅशियर बीडला लग्नाला गेलेला, बाकीचे फिल्डवर, आणि मॅनेजरसाहेबांनी ती सही करणं नियमात बसत नव्हतं. शाखेत होते फक्त मामा. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रजा सुरू होणार होती आणि ते टेबल आवरत होते.

मी फॉर्म पुढं केला. मामांनी नाव वाचलं, गाव वाचलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

"मामा, नुसती सही पाहिजे," मी म्हणाले.

"करतो की. भेटून करतो. मी समजावून सांगितलं म्हणून लिवून द्यायचंय न्हाई का हितं?"

मी मनात म्हटलं, चला. मावशी सगळ्याला हो म्हणतील याची मला खात्री होती, मी पढवलंच होतं तसं. संध्याकाळच्या आत परत यायचं होतं. मी मामांच्या मागं गाडीवर बसले.

मावशींनी पुन्हा चहा टाकला. मामा खाटेवर बसले, गावाची, पाण्याची, अंगणवाडीची चौकशी केली. मावशी तीस वर्षं लहान पोरांना सांभाळत आलेल्या, त्यांना बोलायला माणूस हवंच होतं. मग मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, आता ही पॉलिसी मला विका."

मावशींनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्या नीट मांडी घालून ताठ बसल्या, अंगणवाडीत पोरांसमोर बसत असतील तशा.

"दादा, लई चांगलं हाय ह्ये. येकदाच पैसे भरायचे. घरात ठिवायची भीती न्हाई. लागले की काढायचे. पुढच्या साली माझी गिरणी यायची हाय, तवर वाढत्यात."

"आन दुसऱ्या वर्षी पुन्यांदा भरायला सांगितले तर?" मामांनी विचारलं.

"कावून सांगतील? येकदाच हाय की." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत मामांकडं वळल्या. "ही माझ्या माहेरची पोरगी हाय, दादा. फसवायचं असतं तर कालच च्या पिऊन गेली असती. आज दुसऱ्यांदा कावून आली असती?"

मी मामांकडं बघितलं. आता ते बोलतील, सांगून टाकतील, मला तोंड लपवायला तरी जागा होईल. मामांनी कपातला चहा बशीत ओतला आणि प्यायला लागले. मावशींनी किटलीतून आणखी ओतला. तोही ते प्यायला लागले. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मग कळलं की तो राग त्यांच्यावरचा नव्हता.

"मावशी, पैसे एकदाच नाहीत," मी म्हणाले. "दरवर्षी भरायचे, पाच वर्षं. मधे निघत नाहीत. तुमची गिरणी होणार नाही याच्यात."

मावशींनी किटली खाली ठेवली. मग हळू आवाजात विचारलं, "तवा का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती."

मी बॅगेतून चेक काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो पासबुकात घातला, पासबुक पिशवीत घातलं आणि पिशवी घेऊन उठून आत गेल्या. मला वाटलं आता त्या बाहेर येणार नाहीत, आपण उठावं. पण त्या आल्या, माझ्या हातातला थंड झालेला कप घेतला, बाहेर ओतला आणि त्यात गरम चहा घातला. मला तो पिताना रडू आवरेना. मावशींनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या मामांना अंगणवाडीचं पत्र्याचं छप्पर कसं गळायचं ते सांगत होत्या.

परतताना अर्ध्या रस्त्यात एका रसवंतीवर त्यांनी गाडी थांबवली आणि दोन ग्लास सांगितले. माझा मी तसाच ठेवला. मग न राहवून सरळ सांगितलं, की तुमच्याकडं एक भरलेला फॉर्म आहे, मला माहीत आहे. तो माझ्या नावावर घाला, माझी नोकरी वाचेल. आमच्याकडं हे चालायचं, एकमेकांची विक्री एकमेकांच्या नावावर घालायचे.

मामा म्हणाले, "त्यो मानूस माझ्या भरवशावर आलाय, म्याडम. उद्या त्याचं काय अडलं तर कागदावर तुझं नाव दिसंल. त्यानं हुडकायचं कुणाला?"

इतकं बोलून त्यांनी माझा ग्लास माझ्याकडं सरकवला. तहान लागली होती, मी प्यायले. संध्याकाळी ते टाय आरशाला अडकवून घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद. दरवर्षी रजेत बंदच असायचा, हे मी शाखेत ऐकलं होतं. तरी मी त्यांना मनातल्या मनात लई शिव्या दिल्या.

सकाळी नऊ वाजता मोठे साहेब व्हिडिओवर आले. माझं नाव घेतलं. मी सांगितलं, शून्य. काल शब्द दिला होता, त्याचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "गिऱ्हाइकाला समजलं, सर. म्हणून झालं नाही." दुसऱ्या कुठल्या तरी शाखेतला माइक चालू राहिला होता, तिथून कुणीतरी फसकन हसलं. मोठ्या साहेबांनी समोरचा कागद उलटला. मग म्हणाले, तीन महिने वाढवतो, बघू. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले आणि आईला फोनवर सांगितलं की कायम व्हायला वेळ लागतोच, सगळ्यांना लागतो.

एप्रिलच्या पहिल्या बाजाराला मामा आले, पिशवीभर कैऱ्या घेऊन. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "टिकलीस का?"

"तीन महिने दिलेत," मी म्हणाले.

"लई झाले. छत्री घे, चल."

ते तीन महिने मी मामांच्या शेजारी बसून काढले. पहिल्या आठवड्यात मी स्वतः कुणाला काही विकलंच नाही, त्यांचं नुसतं ऐकत होते. मग एके दिवशी त्यांनी एका शिक्षकांना माझ्यापुढं बसवलं आणि स्वतः उठून भाजी घ्यायला गेले. 'आता मला विका' म्हणताना मला इतकं लाजल्यासारखं झालं की शिक्षकच मला धीर द्यायला लागले. शाखेत मामांबद्दल बऱ्याच कहाण्या होत्या. कुणी म्हणे यांनी सख्ख्या मेहुण्याला बुडवलं होतं, म्हणून आता असे वागतात. कुणी म्हणे गुरू केलाय. मी एकदा सरळ विचारलं. ते हसले. असलं काही नव्हतं. दर आठवड्याला याच बाजारात भाजी घ्यायची असते, ती मान वर करून घेता आली पाहिजे, एवढंच, असं म्हणाले आणि वांग्याचा भाव विचारायला लागले.

गोष्टींमध्ये असतं तसं पुढं काही झालं नाही. मावशी दहा बायका घेऊन माझ्याकडं आल्या नाहीत. त्यांनी पैसे पोस्टात ठेवल्याचं कळलं, आणि बरोबरच केलं. माझं टार्गेट जूनमध्येही भरलं नाही. पण तेवढ्यात आमच्या शाखेतल्या दोघांनी दबावाला कंटाळून नोकरी सोडली, माणसं मिळेनात, आणि मोठ्या साहेबांनी मला कायम केलं. पत्रात माझ्या उत्तम कामगिरीचा उल्लेख होता. मामांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि खूश होऊन सगळ्यांना भजी खाऊ घातली. पुढं त्यांची बदली माजलगावला झाली. पद अजून तेच आहे. मी इथंच आहे, छत्री घेऊन बसते. लाल गोल अजून येतो, पण जेवण जातं.

मावशींच्या गावाला मात्र मी नंतर गेले नव्हते. कामं निघायची, मी ती दुसऱ्यांना द्यायचे. गेल्या वर्षी शाळेतल्या मुलींची खाती उघडायची होती आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गेले. त्या गल्लीतून जाताना गिरणीचा आवाज आला. पुढच्या खोलीत पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या मावशी उभ्या होत्या, आणि बाहेर पाच-सहा बायका डबे घेऊन बसलेल्या. मी मान खाली घालून निघाले होते, पण त्यांनी ओळखलं आणि गिरणी बंद करून बाहेर आल्या. माझा हात धरून बायकांना म्हणाल्या, "ही बँकेतली. माझ्या माहेरची. हिनंच सांगितलं मला, घिऊ नका म्हणून."

मला फार कसंतरी झालं. आधी काय सांगितलं होतं ते त्या विसरल्या होत्या की मुद्दाम गाळत होत्या, मला कळेना. मी म्हणाले, मावशी, माझं काही नाही त्यात, त्या दिवशी मामा आले नसते तर मी तुम्हाला बुडवलंच होतं. ते सगळं त्यांच्यामुळं झालं.

मावशींनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "त्यो मानूस तर नुस्ता च्या पित बसला व्हता," त्या म्हणाल्या. "बोललीस तू."

संध्याकाळी मी मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते खो खो हसतील. त्यांनी आधी गिरणी कशी चाललीय ते विचारलं. मग ते म्हणाले, "लई भ्यालतो मी त्या दिवशी, म्याडम. तू बोलली नसतीस तर मला बोलावं लागलं असतं."